विश्लेषण : अर्धे शटर उघडे ठेवले की झाले? घरच्या वर्कशॉपमधील डिझेलच्या धुराचे काय करायचे?

पावसाची सर आली की गॅरेजचे शटर अर्ध्यावर येते. आत नुकतेच काम झालेले ट्रॅक्टरचे इंजिन सुरू असते. नव्या रिंगा बसल्या की ते काही तास चालवून बघावेच लागते, गिऱ्हाईकही समोर बसलेले असते. गाळा घराखालीच, वर बिऱ्हाड. तालुक्याच्या कोणत्याही गावात दिसणारे हे दृश्य. डिझेलच्या धुरासाठी रस्त्यावरच्या गाड्यांना नियम आले, जनरेटरलाही आले. पण जिथे माणूस त्या धुरापासून दोन हातांवर दिवसभर उभा असतो, त्या गाळ्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. हा धूर घराबाहेर सुरक्षितपणे काढण्यासाठी जे लागते ते सगळे मिस्त्रीच्या हातातलेच काम आहे. तरीही ते का होत नाही आणि कसे करायचे, याविषयी.

शटर उघडे असते, मग धूर आपोआप जात नाही का?

काही प्रमाणात जातो, पण पुरेसा जात नाही. साधा हिशेब करून पाहता येतो. बारा फूट रुंद, वीस फूट लांब आणि दहा फूट उंच गाळा म्हणजे २,४०० घनफूट, सुमारे ६८ घनमीटर हवा. अडीच लिटरचे तीन सिलिंडरचे ट्रॅक्टर इंजिन १,५०० फेऱ्यांवर चालत असेल, तर फोर स्ट्रोक असल्याने दर दोन फेऱ्यांना एकदा ते आपल्या क्षमतेएवढी हवा ओढते. मिनिटाला साधारण १,६०० ते १,७०० लिटर. म्हणजे अवघ्या चाळीसेक मिनिटांत गाळ्यातल्या सगळ्या हवेइतकी हवा त्या इंजिनातून जाऊन धूर होऊन बाहेर पडलेली असते. नवे इंजिन चालवून पाहण्याचे काम चाळीस मिनिटांत संपत नाही.

धूर गरम असल्याने आधी वर जातो, छताला लागून पसरतो आणि थंड होत खाली उतरतो. अर्धे शटर खाली उघडे असते, वर बंद. म्हणजे धूर जिथे साठतो तिथेच वाट नसते. भिंतीत उंचावर लावलेला एक्झॉस्ट फॅनही वाटतो तेवढा कामाचा नाही. तो धूर ओढतो खरा, पण सायलेन्सरपासून फॅनपर्यंतच्या वाटेत जो उभा असेल त्याच्या तोंडावरून ओढतो. शिवाय फॅन जेवढी हवा बाहेर टाकेल तेवढी दुसरीकडून आत यायला हवी. दार-खिडक्या बंद असतील तर तो नुसता फिरत राहतो. आधी धूर खोलीत मिसळू द्यायचा आणि मग सगळी खोलीच उपसायची, हा उलटा कारभार आहे. धूर सायलेन्सरच्या तोंडाशीच धरला पाहिजे.

डिझेलच्या धुरात मोनॉक्साइड नसतोच, असे म्हणतात ते खरे का?

गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येते आणि त्यात थोडे तथ्य असल्यानेच ते धोक्याचे आहे. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालते, त्यामुळे इंधन बऱ्यापैकी पूर्ण जळते. सुस्थितीतल्या डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साधारणतः शेकड्यांत असतो, म्हणजे दहा लाख भागांत काहीशे भाग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनात तो याच मापाने हजारोंत, प्रसंगी दहा हजारांच्या पुढे जातो. तुलनेत डिझेल सभ्य वाटते.

पण गॅरेजमध्ये येते ते इंजिन सुस्थितीतले नसतेच. नाहीतर आले कशाला असते? नोझल गळते, एअर फिल्टर चोंदलेला, पंपाचे टायमिंग बिघडलेले. अशा वेळी मोनॉक्साइड कितीतरी पट वाढतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ‘नायोश’ दिवसभराच्या कामासाठी ३५ पीपीएम ही सरासरी मर्यादा सुचवते आणि १,२०० पीपीएमला जीवाला तत्काळ धोका मानते. शेकड्यांतला धूर बंद खोलीत साठत गेला तर यातली पहिली मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

डिझेलचा खरा वेगळेपणा मात्र दुसऱ्या दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड घशात फारसा न अडकता फुप्फुसात खोलवर उतरतो. जास्त प्रमाणात गेला तर त्रास लगेच न होता काही तासांनी, माणूस घरी जाऊन जेवायला बसल्यावरही सुरू होऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे काजळीचे अतिसूक्ष्म कण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, ‘आयएआरसी’ने, जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. त्याआधी १९८८ पासून तो ‘संभाव्य’ गटात होता. या निर्णयामागे अमेरिकेतील आठ खाणींमधल्या १२ हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास महत्त्वाचा ठरला. खाण आणि घराखालचा गाळा यांत फरक आहेच. पण बंद जागा, डिझेल इंजिन आणि वर्षानुवर्षे तेच काम, एवढे साम्य नजरेआड करता येत नाही.

युरोपीय संघाने २०२३ पासून कामाच्या ठिकाणी या काजळीतील कार्बनची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम अशी घातली आहे. इंजिन चालू असताना ज्याच्या गाळ्यातल्या ट्यूबलाइटवर आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवर काळा थर बसतो, त्याने या आकड्याशी आपली तुलना करण्याच्या भानगडीत न पडलेलेच बरे.

त्रास होतोय हे कळते कसे?

बहुतेकदा कळत नाही, किंवा वेगळ्याच नावाने कळते. डोके जड होते, मळमळते, गरगरते. ‘पित्त झाले असेल’, ‘उपाशीपोटी चहा घेतला म्हणून’ असे म्हणून गोळी घेतली जाते. नाक काही मिनिटांत वासाला सरावते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ धूर गेला असा होत नाही. मोनॉक्साइडला तर वासच नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो आणि शरीराची हवेची गरज भागेनाशी होते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. करोनाकाळापासून घरोघरी ऑक्सिमीटर आहेत. मोनॉक्साइड चढलेल्या माणसाच्या बोटाला ते लावले तर आकडा ९८ दिसू शकतो, कारण मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि प्राणवायूचे रक्त यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. आकडा चांगला आला म्हणून माणसाला तिथेच बसवून ठेवणे जीवावर बेतू शकते. आधी शटर पूर्ण वर, इंजिन बंद, माणूस मोकळ्या हवेत आणि १०८ ला फोन. डॉक्टरांना ‘बंद जागेत इंजिन चालू होते’ हे न विसरता सांगायचे. त्यावरूनच पुढची तपासणी ठरते.

वरच्या मजल्यावरच्यांचा विचार तर कोणाच्या मनातच येत नाही. जिन्याची पोकळी धुराड्यासारखे काम करते. वर लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर खाली उभ्या मिस्त्रीपेक्षा तिथे कमी धूर पुरतो.

धूर नेमका कसा पकडायचा?

दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजला तर निम्मे काम झाले.

पहिला प्रकार जागेवर बसवलेल्या इंजिनाचा, म्हणजे टेस्टिंगचा स्टँड, जनरेटर किंवा गिरणीचे इंजिन. इथे सायलेन्सरला लोखंडी पाइप जोडून थेट बाहेर नेता येतो, फॅन लागत नाही. मात्र इंजिनच धूर ढकलत असल्याने पाइपात आतून दाब असतो. कुठे फट राहिली तर धूर त्या फटीतून गाळ्यातच येणार. म्हणून प्रत्येक जोडाला फ्लँज आणि गॅस्केट हवे, नुसता क्लॅम्प आवळून चालत नाही. इंजिनाजवळ थरथर सोसणारा लवचिक स्टीलचा तुकडा टाकावा लागतो, नाहीतर कडक पाइप काही महिन्यांत वेल्डिंगपाशी तडकतो आणि ती तड शेडच्या अंधारात दिसत नाही. पाइपाचे वजन छताला किंवा भिंतीला टांगायचे, मॅनिफोल्डवर येऊ द्यायचे नाही.

दुसरा प्रकार येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा. आज ट्रॅक्टर, उद्या पिकअप. इथे उष्णता सोसणारा होज, त्याच्या तोंडाला सायलेन्सरवर बसणारे नरसाळे आणि दुसऱ्या टोकाला, म्हणजे भिंतीपलीकडे, ओढणारा ब्लोअर. ब्लोअर बाहेरच्या टोकाला हवा, हे यातले मर्म. तसे केले की पाइपाच्या संपूर्ण लांबीत ओढ राहते, कुठे भोक पडलेच तर गाळ्यातली हवा पाइपात जाते, पाइपातला धूर गाळ्यात येत नाही. तोच ब्लोअर आत, सायलेन्सरजवळ बसवला तर पुढचा सगळा पाइप दाबाखाली येतो आणि फायदा उलटतो. नरसाळे सायलेन्सरवर गच्च बसवायचे नाही, थोडी जागा ठेवायची. त्या फटीतून खोलीतली हवा आत ओढली जाते, धूर थंड होतो, होज टिकतो आणि इंजिनावर ओढीचा परिणाम होत नाही.

प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप इथे अजिबात नको. तो ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो आणि भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर मॅनिफोल्डपाशी ४०० अंशांच्या पुढे जातो. रेस नसताना पाइप थंड वाटला म्हणून फसू नये. पाइपाला गुंडाळायला काही जण अजून ॲस्बेस्टॉसची दोरी मागतात. एक कर्करोगकारक पदार्थ बाहेर काढण्यासाठी दुसरा आत आणण्यात अर्थ नाही. काचतंतूची पट्टी मिळते, ती वापरावी. पत्र्याच्या किंवा लाकडी भिंतीतून पाइप काढताना मोठा लोखंडी गाळा बसवून भोवती ग्लासवूल भरावे लागते. जुन्या वाड्यांमध्ये तुळईजवळून पाइप नेलेला दिसतो, त्याचा विचार आजच करायला हवा.

काही ठिकाणी सायलेन्सरचे तोंड पाण्याच्या पिंपात बुडवण्याची युक्ती करतात. धूर पांढरा दिसतो, आवाज कमी होतो, समाधान वाटते. पाणी थोडी काजळी धरते, पण मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तो बुडबुड्यांतून जसाच्या तसा वर येतो. शिवाय इंजिन बंद होऊन पाइप थंड होताना पाणी मागे ओढले जाण्याची भीती राहते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले इंजिन पुन्हा कोणाच्या खर्चाने उघडायचे, हे गिऱ्हाईक विचारेलच.

पाइप केवढा घ्यायचा?

‘पाइप लावला की इंजिन दम टाकते’ ही मिस्त्रींची तक्रार खोटी नाही. बारीक पाइप आणि चार एल्बो लावले तर धुराला रोध होतो, इंजिन गरम होते, धूर आणखी काळा होतो. दोष मात्र पाइप लावण्याचा नसून बारीक पाइप लावण्याचा असतो. तेवढाच धूर नेताना रोध पाइपाच्या व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलतो. म्हणजे दोन इंचीऐवजी तीन इंची पाइप घेतला तर तो सुमारे सात पटींनी उतरतो. भंगारात मिळणाऱ्या तीन इंची पाइपाची किंमत आणि सात पट फायदा, याहून सोपा सौदा वर्कशॉपमध्ये दुसरा नसेल. इंजिनाच्या तोंडापेक्षा पाइप कधीही लहान नको आणि लांबी जास्त असेल तर एक माप मोठाच. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वळसे बरे. जनरेटरच्या माहितीपुस्तिकेत किती रोध चालतो ते छापलेले असते, ते पान उघडून पाहावे.

धुरात पाण्याची वाफ असते, ती थंड पाइपात पाणी होऊन साठते. म्हणून पाइपाचा उतार इंजिनाकडे नको, बाहेरच्या दिशेला हवा आणि सर्वात खालच्या जागी पाणी काढायचा छोटा कॉक. वर तोंडावर पावसाची झडप किंवा तिरका कापलेला शेवट. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही गोष्ट विसरली तर पहिल्याच पावसाळ्यात आठवण होते.

पाइपाचे तोंड कुठे काढायचे?

अनेक जण इथपर्यंत सगळे नीट करतात आणि शेवटी पाइप भिंतीतून बाहेर काढून कंबरेच्या उंचीवर सोडून देतात. धूर तिथून वर चढतो आणि स्वतःच्याच किंवा शेजाऱ्याच्या खिडकीतून आत येतो. डिझेल जनरेटरसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे : इमारतीच्या उंचीत, जनरेटरच्या केव्हीए क्षमतेच्या वर्गमुळाच्या ०.२ पट इतके मीटर मिळवायचे. २५ केव्हीएच्या जनरेटरला ५ गुणिले ०.२, म्हणजे इमारतीच्या वर एक मीटर. १०० केव्हीएला दोन मीटर. हे सूत्र गॅरेजसाठी लिहिलेले नाही, पण गॅरेजला दुसरे कोणतेही माप दिलेले नसताना तेच धरणे शहाणपणाचे. दुमजली घर असेल तर पाइप दुसऱ्या मजल्याच्या छतावर जातो. खर्च वाढतो, हे मान्य. पण वरच्या बिऱ्हाडाची आणि शेजाऱ्याची हवा त्या खर्चात येते.

आणि बाहेरून ताजी हवा आत घेण्याची जाळी त्याच भिंतीत, तोंडाखाली नको. समोरासमोरच्या भिंती वापराव्यात.

मग मिस्त्री हे करत का नाहीत?

पैसा हे एक कारण, पण एकमेव नाही. डिझेलचा जुना मिस्त्री धूर बघून इंजिन ओळखतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळसर म्हणजे ऑइल जळतेय, पांढरा आणि डोळे चुरचुरवणारा म्हणजे डिझेल न जळता येतेय. धूर पाइपात घातला की त्याचे डोळेच बांधल्यासारखे होते. ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे ‘अडाणीपणा’ म्हणून बघणाऱ्यांनी कधी पंपाचे टायमिंग लावलेले नसते. पण त्याला उपाय आहे. धूर पाहायला मिनिटभर पुरते, पुढचे तीन तास श्वासात घ्यावा लागत नाही. ट्रॅक्टर अंगणात काढून धूर पाहावा, मग आत आणून नरसाळे लावावे. टेस्टिंग स्टँडचे टोक शटरसमोरच्या बाजूने वर नेले तर मिस्त्रीला जागेवरून मान वर करून ते दिसते. धूर दिसायला हवा, नाकात जायला नको.

दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे. धुरात उभे राहणे हा या धंद्यात अनुभवाचा बिल्ला समजला जातो. नवा पोऱ्या खोकला तर हसतात. आयटीआयमधून ‘मेकॅनिक डिझेल’ झालेला मुलगा तोंडाला रुमाल बांधतो, पण साध्या कापडाने वायू अडत नाही. एन-९५ मास्क काजळी अडवतो, मोनॉक्साइड नाही. पोऱ्याचे वय सतरा-अठरा असते आणि त्याच्यापुढे या धुरातली चाळीस वर्षे असतात.

नियम काय सांगतात?

रस्त्यावरच्या वाहनांसाठी एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू आहे. नव्या जनरेटरना जुलै २०२३ पासून कडक मानके आली. ट्रॅक्टरमध्ये जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्यांना पुढचा टप्पा लागू झाला, त्याखालचे वगळले गेले; आणि आपल्याकडे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखालचेच आहेत. म्हणजे यंत्र सुधारण्याचे प्रयत्न झाले, तेही अर्धवट. जागेबद्दल काय? कारखाना कायद्याची मूळ व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून सुरू होत असे, २०२०च्या नव्या संहितेत ती वीसवर गेली. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने कायद्यात मुळात दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेने नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यायची होती. मिस्त्री, त्याचा भाऊ आणि दोन पोरे अशा गाळ्यात निरीक्षक कधी येणारच नाही, अशी ही रचना आहे.

छोट्या धंद्याला कागदपत्रांच्या जाचातून सोडवले, हे योग्यच झाले. घराखालच्या गॅरेजमागे नवा इन्स्पेक्टर लावण्याची मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. पण कागदातून सूट देताना धुरातूनही सूट मिळाल्यासारखे झाले आहे. याला तपासणीवाचूनचे मार्ग आहेत. गॅरेज टाकायला कर्ज देणारी बँक लेथ, कॉम्प्रेसर आणि जॅकचे कोटेशन मागते, त्यात होज आणि ब्लोअरची एक ओळ वाढवता येते. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये नरसाळे लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचेच नाही असा शिरस्ता पडला, तर तिथून बाहेर पडणारा मुलगा तो सोबत घेऊन जाईल.

लगेच एवढे जमणार नसेल तर?

तर इंजिन बाहेर काढून चालवायचे. अंगणात, छपराखाली, खिडक्यांपासून दूर. पाऊस असेल तर टेस्टिंग उद्यावर ढकलायचे. गिऱ्हाईक एक दिवस थांबते. चारचाकी टेस्टिंग स्टँड केला तर दोघांनी ढकलून बाहेर नेता येतो. गाळ्यात आणि वर, झोपण्याच्या खोलीत, असे दोन मोनॉक्साइड अलार्म लावायचे. ते ७० पीपीएमला तासाभराने किंवा त्यानंतर, तर ४०० पीपीएमला १५ मिनिटांच्या आत वाजतात. काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्यांना कळत नाही, म्हणून अलार्म गप्प आहे याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा घ्यायचा नाही. ज्यांनी पाइप आधीच बसवला आहे, त्यांनी इंजिन थंड असताना सुरू करून प्रत्येक जोडाजवळ पांढरे फडके धरून पाहावे. फडके काळे पडले तर ते गॅस्केट बदलायचे.